कोकम प्या, पण बाटलीतले नको

खारघरच्या माझ्या दवाखान्यात उन्हाळ्यात मधुमेही हटकून सांगतात, "डॉक्टर, कोल्ड्रिंक सोडले, आता फक्त कोकम सरबत!" अहो, अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाकच. रिपोर्टातली साखर का वाढली, त्याचे उत्तर त्या बाटलीत असते. आगळात मीठ भरपूर, तेव्हा रक्तदाबवाल्यांनीही जपावे. त्यापेक्षा तीन-चार बिनमिठाची आमसुले पाण्यात भिजवून कुस्करा, जिरेपूड टाका. बियांचे मुठेल थंडीत टाचांच्या भेगांना उत्तम.

सोसायट्यांनी शोभेच्या झाडांऐवजी हे सदाहरित कोकणी झाड लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बी रुजवल्यास जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात, आणि ते फुले येईपर्यंत कित्येक वर्षे कळत नाही. म्हणून मादी झाडाचे कलमच आणा; दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' जात चांगली. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा आणि पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली करा.