एका दिवसाची दिल्ली

सकाळीं कामानिमित्त दिल्लीस जावें आणि रात्रीं घरीं परतावें, यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तेव्हां ती विमानसेवा पत्रांसाठीं होती. आज आम्हीं नोकरदार माणसेंच टपालाच्या थैल्यांसारखीं रवाना होतों.

गेल्या पौषांत माझ्यावर असाच प्रसंग आला. वद्य पंचमीस वडिलांचें श्राद्ध आणि चतुर्थीस दिल्लीची बैठक! थोरला मुलगा मीच. अर्थात् पाटावर बसणें माझेंच कर्तव्य. काका म्हणाले, "बैठक पुढें ढकलतां येणार नाहीं काय?" मीं हसून म्हटलें, "काका, रात्रीं दहाला मी घरांत असेन." काकूंनीं कांहीं न बोलतां दशम्या बांधून दिल्या. पूर्वदिनीं कर्त्यानें परान्न घेऊं नये, हा आमच्या घरचा नियम.

भल्या पहाटे लोहगांवचा विमानतळ गांठला. दिल्लीस दाट धुकें असल्यामुळें आमचें विमान तासभर उशिरां निघालें. एरव्हीं प्रवास अवघा दोन तासांचा. विमान पस्तीस हजार फुटांच्या आसपास उडत असतांही आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील डोंगराइतका राखलेला असतो. उतरतांना तो वाढूं लागतो आणि कानांस दडे बसतात. शेजारच्या बाईंचें तान्हें मूल रडूं लागलें, तेव्हां त्यांनीं त्यास पाजावयास घेतलें आणि तें शांत झालें. गिळण्यानें कानाच्या आंतली नळी उघडते, हें लेकुरवाळ्या प्रवाशांनीं ध्यानांत ठेवावें.

बैठक यथास्थित पार पडली. सायंकाळीं विमानतळावर येऊन पाहतों, तों परतीचें विमान दोन तास उशिरां! मग तीन तास, मग चार. आकाश तर निरभ्र होतें. चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. एकच विमान दिवसभरांत अनेक फेऱ्या करतें; सकाळच्या धुक्यानें पहिल्या फेरीस लागलेला उशीर शेवटच्या फेरीपर्यंत वाढतच जातो. धुक्यांत विमान उतरविण्याची उत्तम यंत्रणा दिल्लीस आहे. परंतु तशा वेळीं दोन विमानांत अंतर अधिक ठेवावें लागतें व साऱ्यांचाच खोळंबा होतो.

रात्रीं अकरा वाजतां घरीं दूरध्वनि केला. काका शांतपणें म्हणाले, "धाकट्यास तयार राहावयास सांगितलें आहे. तूं काळजी करूं नकोस." या शब्दांनीं धीर यावयाचा, तो माझा होता तोही गेला. विमान रद्दच झालें तर वडिलांना तिलोदक द्यावयास मी नसणार! हातांतली दशमी घशाखालीं उतरेना.

अखेर विमान सुटलें. पहाटे चारास घरीं पोहोंचलों, तों ओसरीवरचा दिवा जळत होता आणि काकू जाग्याच होत्या. दुपारीं श्राद्ध माझ्याच हातून झालें. पानें उठल्यावर काका म्हणाले, "नुसती रेल्वे असती, तर दिल्लीस जावयास एक अहोरात्र लागतें म्हणून तूं बैठकीस सरळ नकार दिला असतास. विमानानें तुझी नाहीं म्हणण्याची सोयच काढून घेतली."

पुढें आमच्या वरिष्ठांस ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "अहो, आधीं एक शब्द बोलला असतां, तर बैठक आठवड्यानें ठेवली असती." दोष विमानाचा नव्हता, धुक्याचाही नव्हता. मीं विचारलेंच नव्हतें.

वाचकहो, वेगानें वाचलेला वेळ घरास मिळतो, असें आपण समजतों. पुष्कळदां तो दुसऱ्या कामाकडेच जातो आणि घराच्या वांट्यास येतें तें ओसरीवरचें जागरण. यंदा पंचांग आल्याबरोबर पंचमीच्या आधींचे दोन दिवस मीं कचेरींत मागून ठेवले आहेत.