विहिरींवर उभा घुमट

चेन्नईच्या एग्मोर भागातल्या सेंट अँड्र्यूज चर्चचा, तिथल्या लोकांच्या ‘कर्क’चा, विषय निघाला की आपल्या व्यवसायातली माणसे घुमटाबद्दल बोलू लागतात. साहजिकच आहे. सोळा कोरिंथियन खांबांवर तोललेला, सुमारे 51 फूट व्यासाचा हा घुमट आतून गडद निळा असून त्यावर सोनेरी चांदण्या रंगवल्या आहेत. वाळवीच्या मुलखात लाकडी छताचा भरवसा धरता येत नाही, हे मद्रास इंजिनिअर्सचे मेजर थॉमस फियट डी हॅविलंड जाणून होते. म्हणून त्यांनी विटांचा सांगाडा रचला आणि त्यात भाजलेल्या मातीचे पोकळ शंकू भरले. घुमट हलका झाला, खांबांवरचा भारही उतरला.

आराखड्याचे मूळ लंडनमध्ये आहे. जेम्स गिब्ज यांनी सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्ससाठी आधी वर्तुळाकार चर्च योजले होते. खर्चापायी ते बारगळले, पण आराखडा 1728 च्या त्यांच्या ग्रंथात छापून राहिला. प्रेस्बिटेरियन उपासनेत प्रवचनाला मोठे स्थान असल्याने श्रोत्यांना उपदेशकाजवळ आणणारी गोल रचना मद्रासच्या स्कॉटिश मंडळीला मानवली. आवाज घुमण्याची अडचण मात्र घुमटाबरोबरच आली.

पण या अंकाचा विषय पाया आहे, आणि ‘कर्क’ची खरी थोरवी मला तिथेच दिसते. जागा दलदलीची, माती भुसभुशीत. वर सुमारे 166 फुटांचा मनोरा चढवायचा होता. डी हॅविलंड यांनी विहिरींचा पाया घेतला. दक्षिणेत हे तंत्र चांगलेच रुळलेले होते. जमिनीवर बांधकामाचे कडे रचायचे, आतली माती उपसत जायचे, स्वतःच्या वजनाने कडे खाली उतरू लागले की वर नवे थर चढवायचे. घट्ट थर लागला की पोकळी भरून घ्यायची आणि त्यावर भिंती उचलायच्या. 1818 मध्ये सुरू झालेले काम 1821 मध्ये पुरे झाले. अधिकाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. विहिरीत उतरून माती उपसणाऱ्या मजुरांचे राहिले नाही. ही उणीव आपल्या संवर्धन-अहवालांनी तरी पुढे चालवू नये.

आपल्या याद्यांमध्ये दर्शनी भाग, खांब, गिलावा, रंगीत काचा असे सगळे असते. पायाच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहून आपण पुढे जातो. हे मला धोक्याचे वाटते. विहिरींचा पाया भोवतालच्या मातीशी आणि भूजलाशी बांधलेला असतो. शेजारी खोल तळघर खणताना महिनोन्महिने पाणी उपसले, तर चिकणमातीचा थर दबतो. मनोऱ्याचा भार वेगळा आणि गोल दालनाचा वेगळा असल्याने दोन्ही सारखे खचत नाहीत. तडा पहिल्यांदा त्यांच्या सांध्यावर शोधावा. तो चुन्याऐवजी सिमेंटने बुजवला की लक्षण तेवढे झाकले जाते. एग्मोर परिसरात आता भुयारी मेट्रोही धावते. अशा परिसरातल्या प्रत्येक जुन्या वास्तूची भूजलपातळी आणि तड्यांची रुंदी किमान वर्षभर, पावसाळ्याआधी आणि नंतरही, नोंदली गेलीच पाहिजे. एका भेटीतल्या छायाचित्रांवर दुरुस्तीचे अंदाजपत्रक करणे आपण थांबवायला हवे.

मुंबईलाही हे लागू आहे. 1813 च्या सनदेनंतर कंपनीने तिन्ही इलाख्यांत स्कॉटिश धर्मोपदेशक नेमले, आणि त्यातूनच 1819 मध्ये काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज उभे राहिले. त्याचा मनोरा 1826 मध्ये विजेने पडला आणि पुन्हा बांधला गेला, हे आपण सांगतो. पण त्याच्या पायाचा छेद-नकाशा आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे?

वाचकांनी आपापल्या कामातल्या पायाच्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्यात. चाचणी-खड्ड्याचे रेखाचित्र, मातीच्या थरांची खोली, पाण्याची पातळी आणि मोजणीची तारीख एवढे पुरे. रेखाटन हाताने काढलेले असले तरी चालेल; मापे मात्र जागेवर घेतलेली असावीत.