मंगळाच्या वाटेवर कुंभकर्णी झोप?

प्रतिनिधी

आठ-दहा दिवसांसाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना जून २०२४ ते मार्च २०२५ असे तब्बल २८६ दिवस अंतराळात काढावे लागले. परतल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून नेताना साऱ्या जगाने पाहिले. ही नेहमीचीच दक्षता असली, तरी दीर्घ अंतराळवासाची किंमत शरीराला मोजावी लागते, हे त्या दृश्याने सामान्यांच्याही लक्षात आणून दिले. मंगळावर माणूस पाठवायचा तर केवळ जाण्यासच सहा ते नऊ महिने लागतील. परतीसाठी दोन्ही ग्रहांची अनुकूल स्थिती येईपर्यंत थांबावे लागणार असल्याने संपूर्ण मोहीम अडीच ते तीन वर्षांची होते. इतका काळ माणसाला जागे ठेवण्याऐवजी झोपवूनच नेले तर?

हा प्रश्न आता केवळ विज्ञानकथांपुरता राहिलेला नाही. अमेरिकेतील स्पेसवर्क्स या कंपनीला ‘नासा’ने २०१३ मध्ये या कल्पनेच्या प्राथमिक अभ्यासासाठी निधी दिला. युरोपीय अंतराळ संस्थेने २०१९ मध्ये सहा अंतराळवीरांच्या मोहिमेचा आराखडा तपासला, तेव्हा शीतनिद्रेमुळे यानाचे वस्तुमान सुमारे एक तृतीयांशाने घटू शकते, असे आढळले. झोपलेल्या माणसाला फिरायला जागा, स्वयंपाकघर, व्यायामाची साधने लागत नाहीत. अन्नपाणी आणि प्राणवायूही कमी लागतो. मोहिमेचा खर्च ठरतो तो वजनावर. त्यामुळे या कल्पनेचे आकर्षण शास्त्रज्ञांइतकेच हिशेब मांडणाऱ्यांनाही आहे.

झोप नव्हे, काटकसर

शीतनिद्रा म्हणजे गाढ झोप, हा मात्र गैरसमज आहे. ती शरीराची पराकोटीची काटकसर असते. आर्क्टिक प्रदेशातील एका खारीच्या शरीराचे तापमान या अवस्थेत शून्याखाली २.९ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी ती शरीर पुन्हा तापविते आणि त्या ‘जागेपणा’तला बराचसा वेळ चक्क झोपण्यात घालविते! माणसाला अधिक जवळचे उदाहरण अस्वलाचे. त्याचे तापमान काही अंशांनीच घटते. पण चयापचय एक चतुर्थांशावर येतो. महिनोन्महिने पडून राहूनही त्याचे स्नायू व हाडे फारशी झिजत नाहीत. माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळला तरी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका संभवतो; अस्वलाला तो का नसतो, याचे एक कारण २०२३ मध्ये पुढे आले. गुठळीला साहाय्य करणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण शीतनिद्रेत त्याच्या रक्तात खूपच घटते.

मग माणसाच्या शरीरात ही कळ दडलेली असेल काय? जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांच्या मेंदूतील अशा पेशी शोधल्या, ज्या उद्दीपित केल्या की शरीर थंडावते. जपानी प्रयोगात तर एरवी सुप्तावस्थेत न जाणाऱ्या मोठ्या उंदरांतही हा परिणाम दिसला. २०२३ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने शस्त्रक्रिया न करता, केवळ श्राव्यातीत ध्वनिलहरींनी उंदरांना २४ तास अशा अवस्थेत ठेवले. तरीही घाई करू नये, असे पूर्वानुभव सांगतो. २००५ मध्ये हायड्रोजन सल्फाइड वायूने उंदरांना सुप्तावस्थेत नेण्यात यश आले होते. मेंढ्या आणि डुकरांत मात्र तो परिणाम दिसला नाही.

माणसांच्या बाबतीत आजवर जे घडले, ते बहुतांशी अपघातानेच. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखाली अडकलेल्या एका तरुण डॉक्टरच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांवर गेले होते. तरीही ती वाचली. अशा घटना आशा जागवितात. पण सहा जणांना सहा महिने हेतुपुरस्सर थंड ठेवण्याची हमी त्यातून मिळत नाही. तापमान २८ अंशांखाली गेले की माणसाच्या हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो.

उठविणार कोण?

खरा प्रश्न याहून वेगळा आहे. १९७० मध्ये ‘अपोलो-१३’मध्ये स्फोट झाला, तेव्हा तिन्ही अंतराळवीर परतले ते जमिनीवरील तज्ज्ञांच्या सल्ल्यामुळे आणि स्वतः जागे असल्यामुळे. विषारी होत चाललेली हवा शुद्ध करण्याची जोडणी त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून केली. मंगळाकडे निघालेल्या यानाशी संवाद साधताना एका बाजूचा संदेश पोहोचायलाच वीस मिनिटांहून अधिक वेळ लागू शकतो. थंडावलेल्या खारीला पूर्ण शुद्धीवर यायला काही तास लागतात. उठल्यावर माणसाची स्मृती व निर्णयशक्ती शाबूत असेल काय, याचे उत्तरही नाही. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. म्हणजे यंत्र बिघडले तर निर्णय यंत्रच घेणार. कुंभकर्णाला अवेळी उठविल्याचे काय झाले, हे आपण जाणतोच. यानाचे वजन घटविताना आपण संकटात धावून येणारे हात तर कमी करीत नाही ना, हे तपासायला हवे. काही जणांनी आळीपाळीने जागे राहावे, असा मार्ग सुचविला जातो. पण मग वजनातील बचतही तेवढी उरत नाही.

म्हणूनच या संशोधनाचे पहिले लाभार्थी अंतराळवीर नसतील, तर रुग्ण असतील, असे मानण्यास जागा आहे. हृदयशस्त्रक्रियेत शरीर थंड करण्याचे तंत्र कित्येक दशके वापरात आहे. गंभीर जखमी रुग्णाला १० ते १५ अंशांपर्यंत थंड करून शस्त्रक्रियेसाठी वेळ मिळविण्याचा प्रयोग अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात मानवी रुग्णांवर झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. तेथे थांबवायचा काळ तास-दोन तासांचा आहे आणि उशाशी डॉक्टर आहेत. मंगळाच्या वाटेवर काळ महिन्यांचा असेल आणि उशाशी कोणी नसेल. हे अंतर कापल्यावाचून माणसाला झोपवून पाठविणे हे धाडस नव्हे, अविचार ठरेल.