नव्याचे नऊ दिवस सरल्यावर

उत्साही माणसाची थट्टा करण्यासाठी आपल्या भाषेने दोन शब्दप्रयोग राखून ठेवले आहेत. एक 'आरंभशूर' आणि दुसरा 'नव्याचे नऊ दिवस'. जून महिन्यात नवी वही घेऊन पहाटे चारला उठणारा विद्यार्थी दिवाळीच्या सुमारास सात वाजता उठू लागला की घरची मंडळी हे दोन्ही शब्द त्याच्या अंगावर फेकतात. विद्यार्थ्यापुरती ही थट्टा ठीक आहे. फार तर एखादे वर्ष बुडते. परंतु हीच थट्टा दीर्घ आजार असलेल्या माणसाच्या वाट्याला आली की ती निरुपद्रवी राहत नाही. वजन कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेतलेला आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा थोडा स्थूल होऊ लागलेला माणूस आपल्याला भेटतो, तेव्हा आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? ती नजर त्याच्या प्रकृतीला प्रत्यक्ष अपाय करते, असे माझे मत आहे, आणि ते का, हे या लेखात मांडावयाचे आहे.

ही शस्त्रक्रिया आता आपल्याला परकी राहिलेली नाही. २०११ साली नितीन गडकरी आणि २०१४ साली अरुण जेटली यांनी ती करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि 'बॅरिॲट्रिक' हा अवघड शब्द घरोघर पोचला. तिचा इतिहास मात्र त्याहून बराच जुना आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो लहान आतड्याला जोडण्याची पद्धत सुरू केली. तीच सुधारत सुधारत आजची 'गॅस्ट्रिक बायपास' झाली. आज अधिक प्रचलित असलेली दुसरी पद्धत म्हणजे 'स्लीव्ह'. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात, आणि उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष एखाद्या मंगलकार्यासारखे जाते. दर आठवड्याला काट्यावरचा आकडा खाली येतो, शिंप्याकडे फेऱ्या सुरू होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात. भेटेल तो विचारतो, "अहो, ओळखलंच नाही तुम्हाला!" या दिवसांत प्रेरणेचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती रोज बाहेरून आयती मिळत असते. पुढे दीड-दोन वर्षांनी काटा एका जागी स्थिरावतो. लोकांना नव्या चेहऱ्याची सवय होते आणि कौतुक थांबते. सैल पडलेली कातडी, दर वर्षीच्या रक्ततपासण्या नि रोजच्या गोळ्या तेवढ्या मागे उरतात. खरी परीक्षा येथून सुरू होते. आणि ती एक-दोन वर्षांची नसून जन्मभराची आहे.

या परीक्षेचा निकाल काय लागतो, याची विश्वसनीय माहिती उपलब्ध आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्ती होत्या. सुमारे निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. मूळ वजन १२० किलो धरले, तर माणूस ८२ किलोपर्यंत उतरला आणि दहा वर्षांनी ९० वर आला, असा हा हिशोब होतो.

हे आकडे वाचून दोन माणसे दोन निष्कर्ष काढतील. एक म्हणेल, "बघा, आठ किलो परत आले, सारे मुसळ केरात!" दुसरा म्हणेल, "दहा वर्षांनंतरही तीस किलो कमीच आहेत की." माझ्या मते दुसऱ्याचे म्हणणे खरे आहे; कारण त्याच अभ्यासात, सरासरी अकरा वर्षांच्या काळात, शस्त्रक्रिया केलेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या मानाने सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आढळले. थोडे वजन परत येणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. आणि तेवढ्याने शस्त्रक्रिया फुकट गेली असे होत नाही. दुर्दैवाने आपल्या समाजात पहिल्या माणसाचा आवाज मोठा आहे, आणि खुद्द रुग्णालाही तोच आवाज आतून ऐकू येत असतो.

वजन परत का येते? निर्धार ढिला पडला म्हणून, असे उत्तर आपण पटकन देतो. शरीरशास्त्र निराळे सांगते. १९९९ साली जपानी संशोधकांनी 'घ्रेलिन' नावाचे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यत्वे जठरात तयार होते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तात वर्ष उलटून गेल्यावरही भूक वाढवणारी संप्रेरके पूर्वीपेक्षा अधिकच होती. शरीराला दुष्काळ कळतो. आपण स्वेच्छेने आरंभलेला संयम कळत नाही. गमावलेली चरबी परत मिळवण्यासाठी ते वर्षानुवर्षे खटपट करीत राहते. शस्त्रक्रियेने या यंत्रणेचा जोर मोडतो, म्हणूनच ती नुसत्या पथ्यापेक्षा अधिक टिकते. परंतु यंत्रणा समूळ नाहीशी होत नाही. त्यात लहान झालेल्या शरीराला मुळात अन्नच कमी लागते. म्हणजे तीच भाकरी पूर्वी पचून जात होती, ती आता अंगी लागते.

वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांनीही हेच सिद्ध केले आहे. सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यानंतर एका वर्षात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तात्पर्य, स्थूलता हा जुनाट आजार आहे. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर रक्तदाब वाढला, तर आपण त्या माणसाला आरंभशूर म्हणत नाही. मग येथेच का म्हणावे?

तरीही प्रश्न उरतोच. दहाव्या, पंधराव्या वर्षी माणसाने टिकून राहावे ते कशाच्या बळावर? व्याख्याने देणारे सांगतात, 'प्रेरणा जागी ठेवा.' मला हा उपदेश पोकळ वाटतो. प्रेरणा ही पाहुणी आहे; ती येते, चहा घेते आणि निघून जाते. तिच्या भरवशावर कोणी संसार मांडू नये. भगवद्गीतेत चंचल मनाविषयी अर्जुनाने शंका काढली, तेव्हा श्रीकृष्णांनी दोन उपाय सांगितले: अभ्यास आणि वैराग्य. उत्साहाचे नाव त्यांत नाही. वैराग्याचे सोडून देऊ, ते प्रत्येकाला जमणारे नव्हे. पण अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट रोज पुन्हा करणे, हे प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे.

अमेरिकेत १९९४ साली वजन उतरवून ते राखणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत प्रवेश मिळतो. या माणसांच्या सवयी पाहिल्या तर त्या कमालीच्या साध्या दिसतात. सुमारे ७८ टक्के लोक रोज न्याहारी करतात, ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि ९० टक्के दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात, त्यातही मुख्यतः चालणे. त्यात ना काही चमत्कार, ना शौर्य. शस्त्रक्रिया झालेल्यांचे पथ्यही याच जातीचे: पानावर आधी डाळ, उसळ, अंडे किंवा मासे खावेत, भात-पोळी मागाहून, घास सावकाश चावावा, जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे, गोळ्या जन्मभर घ्याव्यात, दारूपासून दूर राहावे, कारण बायपासनंतर ती फार लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

या यादीतील गोळ्यांकडे विशेष लक्ष वेधतो. शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि बी-१२ अन्नातून पुरेसे मिळत नाही. यांपैकी बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो. त्यामुळे गोळ्या सोडल्या तरी लगेच काही बिघडत नाही, आणि माणसाला वाटते, आपल्याला गरजच नव्हती. साठा संपतो तो नेमका कौतुक संपून उत्साह मावळल्यानंतरच्या वर्षांत. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून निघत नाही. आता विचार करा: ज्याचे वजन पाच किलोंनी वाढले आहे आणि ज्याला त्याची लाज वाटते, तो डॉक्टरांकडे जाणे टाळतो. 'आधी थोडे उतरवू, मग तोंड दाखवू' असे म्हणत तारीख पुढे ढकलतो. तपासणी चुकते, गोळ्या सुटतात. त्याची हानी वाढलेले पाच किलो करीत नाहीत, लाज करते. आणि ती लाज आपणच त्याच्या पदरात घातलेली असते.

येथे आपल्या पंगतीची गोष्ट काढणे भाग आहे. बेळगावच्या मातीत आग्रहाला आतिथ्याचे स्थान आहे. "एक मांडा घ्याच", "कुंदा तर आपल्या गावचा, नाही म्हणायचे नाही", हे आपण प्रेमाने म्हणतो. या अंकाच्या कन्नड विभागातील आमचे मित्रही भेटताच 'ऊट आय्ता?' विचारतात, तसेच आपण 'जेवलात का?' म्हणतो. दोन्ही भाषांत माया अन्नाच्या वाटेनेच येते. ही माया मला मोलाची वाटते; ती जाऊ नये. पण ज्याच्या जठराची नळी झाली आहे, त्याच्या पानात बळेच वाढणे ही माया नव्हे. गंमत अशी, की जो पंगतीत आग्रह करतो तोच सहा महिन्यांनी म्हणतो, "काय राव, पुन्हा सुटलात! एवढा खर्च केलात तो गेला वाटतं पाण्यात?"

नुसत्या डोळ्यांनी माणसाची प्रकृती जोखण्याची आपली सवयही चुकीची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात किती चरबी असते, हे त्या एका चित्राने जगाला कळले. तेव्हा दुसऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवणाऱ्याने आधी स्वतःची साखर तपासून घ्यावी, हे उत्तम.

येथे एक आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल, "सगळा दोष शरीराचा नि समाजाचा, मग त्या माणसाची जबाबदारी काहीच नाही काय?" आहे, निश्चित आहे. गोळी त्यानेच गिळायची, चालायला त्यानेच जायचे. परंतु जबाबदारी पेलता येईल अशी परिस्थितीही असावी लागते. आषाढीची वारी आठवा. आपल्या सीमाभागातूनही माणसे पायी पंढरपूरला जातात. त्यांतील प्रत्येक जण स्वतःच्याच पायांनी चालतो; कोणी कोणाला उचलून नेत नाही. तरीही वारकरी एकटा निघत नाही, दिंडीतून निघतो. ज्या दिवशी पाय दुखतात आणि मन म्हणते 'पुरे', त्या दिवशी पुढच्याची पताका आणि मागच्याचा टाळ त्याला ओढून नेतात. आणि एखाद्या साली वारी चुकली, तर पुढल्या साली त्याला दिंडीत जागा नाकारीत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाला अशीच एखादी दिंडी हवी असते: रोज संध्याकाळी फिरायला हाक मारणारा शेजारी, पानात निम्मेच वाढणारी वहिनी, वजन वाढले तरी न रागावता वही उघडणारा डॉक्टर.

महाविद्यालय याबाबतीत काय करू शकेल? फार काही मोठे नको. कँटीनमध्ये बटाटेवड्याच्या शेजारी उसळ आणि उकडलेली अंडी मिळू द्यावीत. वसतिगृहाच्या खानावळीत अर्धे ताट मागणाऱ्याला कारण विचारू नये. स्नेहसंमेलनात जाड पात्राला रंगमंचावर आणून हशा पिकवण्याची जुनी खोड आता सोडावी; प्रेक्षकांत कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आणि प्राध्यापक मंडळींनी, मी धरून, 'इच्छा तेथे मार्ग' हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी जरा थांबावे. पुष्कळदा आधी मार्ग असावा लागतो. इच्छा त्यावरून चालता चालता टिकते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी उद्या अशी शस्त्रक्रिया झालेला एखादा काका, मावशी किंवा बहीण असेल. पहिल्या वर्षी तिचे कौतुक सगळेच करतील; तुम्ही नाही केलेत तरी चालेल. तुम्ही सातव्या वर्षी तिच्याकडे जा. वजनाचा विषय काढू नका. "चल, टिळकवाडीपर्यंत चालून येऊ" एवढेच म्हणा.