छापताना मोडलेली ओळ

गेल्या महिन्यात माझी अकरावीतली भाची एक पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "मामू, यात सूट वजाच होत नाही." मराठीतून पायथॉन शिकवणारे पुस्तक. किंमत १०००, कर १८०, सूट १००. बिल १०८० यायला हवे, येत होते ११८०. चार वेळा टाइप करून झाले होते. संगणक चूक दाखवत नव्हता, त्यामुळे चूक आपलीच, हा विषय आपल्या आवाक्यातला नाही, असे तिने ठरवून टाकले होते.

पुस्तकातील नावे लांबलचक इंग्रजी होती. इथे ती देवनागरीत देतो (पायथॉन ३ ला ती चालतात):

बिल = किंमत + कर
- सूट

मूळ लेखकाने ही एकच ओळ लिहिली असणार. चौकट अरुंद म्हणून जुळणी करणाऱ्याने ती मोडली. गद्यात अशी ओळ कुठेही मोडा, अर्थाला धक्का लागत नाही. पायथॉनमध्ये मात्र ओळ संपली की विधान संपते. दुसरी ओळ त्याला वेगळे विधान वाटते. तो सूट उणे करून पाहतो आणि उत्तर टाकून देतो. तक्रारही करत नाही. जावास्क्रिप्टमध्येही 'रिटर्न' हा शब्द एका ओळीत आणि त्याची किंमत पुढच्या ओळीत गेली, तर हाती काहीच परत येत नाही.

आपल्या छापखान्यांना हे नवे आहे का? गझलेचा मिसरा पानाच्या रुंदीत मावला नाही तर त्याचा उरलेला तुकडा आत सरकवून छापतात, म्हणजे तो नवा मिसरा नाही हे वाचकाला कळते. शायराला जी अदब मिळते ती प्रोग्रामला का नाही?

साधने आहेत. लॅटेकमधील 'लिस्टिंग्ज' हे पॅकेज मुळात लांब ओळ मोडतच नाही, ती सरळ समासात घुसते. मोडायला सांगितले तर मोडते, पण 'ही ओळ मागून आली' असा वळलेला बाण हवा असेल तर तो आपण सांगावा लागतो. बहुतेकांचे काम पहिल्या सूचनेवरच थांबते. आणि पायथॉनमध्ये नुसते आत सरकवून भागत नाही, कारण तिथे समासालाही अर्थ आहे. बाण हवाच. पीडीएफमधून उतरवताना तो बाणही सोबत येतो, हा त्याचा जाच.

म्हणून माझे मत असे की ओळ मोडण्याचे काम जुळणीवर सोडूच नये. लेखकाने ते स्वतः करावे, कंसात:

बिल = (किंमत + कर
       - सूट)

कंस बंद होईपर्यंत पायथॉन विधान संपले असे मानत नाही. पायथॉनची लेखनपद्धती ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा घालते. पुस्तकाच्या पानावर तेवढीही मावत नाहीत. तेव्हा पानाची रुंदी आधी विचारून घ्यावी. प्रकाशक अक्षर बारीक करू म्हणेल, त्याला नकार द्यावा. आमच्या अभ्यासिकेतील दिवे आधीच मंद आहेत.

इंग्रजी पुस्तक अडले तर मुले दुसरे शोधतात. मराठीत दुसरे सहसा नसते.

भाचीने कंस घालून पाहिले. १०८० आले. मग तिने पेन्सिल घेतली आणि पुस्तक अभ्यासिकेचे असूनही त्या ओळीपुढे बाण काढला. पुढची पाने चाळून आणखी तीन काढले.