सेव्ह तर केले, पण सापडत का नाही?

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत नोकरीसाठी येऊन राहिलेल्या मराठी गृहिणीला दिवसातला निवांत वेळ मिळतो तो आउटर रिंग रोडवर अडकलेल्या ऑफिसच्या बसमध्ये. मग मोबाइलवर उकडीचे मोदक, गच्चीवरची बाग, मुलांच्या प्रोजेक्टची कल्पना, जे आवडेल ते 'सेव्ह' होत जाते. गणपती तोंडावर आले की मात्र शोधाशोध! ते मोदक फेसबुकवर पाहिले, इन्स्टाग्रामवर की नणंदेने व्हॉट्सॲपवर पाठवले होते?

पूर्वी साप्ताहिकातले पान कापून वहीत खळीने चिकटवले जाई. वही तेलकट होई, पाने सुटत, पण हवे ते पान घरातच असे. 'सेव्ह'चे तसे नाही. फेसबुकने ही सोय २०१४ मध्ये आणली, इन्स्टाग्रामने २०१६ च्या डिसेंबरमध्ये. बटण दाबल्यावर व्हिडिओ आपल्याकडे येतच नाही, तो कुठे आहे याची खूण तेवढी राहते. टाकणाऱ्याने तो काढून टाकला की आपल्या यादीतूनही तो जातो.

कधी कधी तर सगळे दुकानच बंद होते. बंगळुरूचेच 'कू' पाहा. भारतीय भाषांसाठी २०२० मध्ये सुरू झालेले हे पिवळ्या पक्ष्याचे व्यासपीठ जुलै २०२४ मध्ये बंद पडले. तिथे मराठीतही लिहिले जाई. लेख पुढे वाचण्यासाठी राखून ठेवणारे 'पॉकेट' २००७ पासून चालू होते, तेही ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. आपली यादी उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण तेवढी आठवण किती जणांना राहते?

तेव्हा आधी आवरायला घ्या. इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेल्या गोष्टींचे वेगवेगळे संग्रह करता येतात. त्यांना 'पाककृती' असे भले मोठे नाव देऊ नका, त्यात पुन्हा ढीगच होतो. 'सकाळचा डबा', 'उपवास', 'पाहुणे आले तर' अशी प्रसंगाची नावे द्या, म्हणजे ऐन वेळी हात बरोबर तिथेच जातो. करून पाहिलेला आणि घरच्यांना आवडलेला पदार्थ मात्र प्रमाणासकट वहीत उतरवा. होय, कागदाच्याच!

सगळ्यात जपायचे ते व्हॉट्सॲपवरचे. मोदकांचे व्हिडिओ हजार मिळतील, पण आईने स्वतःच्या आवाजात सांगितलेला गोडा मसाला पुन्हा कुठे शोधणार? अशा संदेशाला तारांकित करावे, म्हणजे तो चटकन सापडतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. ती ध्वनिफीत स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा आणि फोन बदलण्यापूर्वी बॅकअप झाला आहे ना, ते पाहा. अँड्रॉइड फोनवर हा बॅकअप गूगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो. फोटोंनी ती भरली की बॅकअप अडतो.

उरले पतिराजांचे गुंतवणुकीचे आणि व्यायामाचे सेव्ह केलेले व्हिडिओ. रविवारी चहाच्या वेळी त्यांच्याच हातात फोन द्यावा. सहा महिन्यांत एकदाही न उघडलेले त्यांनी स्वतःच काढून टाकावेत. पोट कमी करण्याचे दोन ठेवायला हरकत नाही.