कॉलेजचं फक्त नाव नको, वळणही विचारा

सोयरीक जमवताना आपण नुसतं आडनाव विचारत नाही. घरातली माणसं कशी आहेत, बोलणं-वागणं कसं आहे, अडचणीच्या वेळी पाठीशी उभी राहतात का, हे चार जणांकडून काढतो. मुलाला किंवा मुलीला परदेशी शिकायला पाठवताना मात्र रँकिंगचा आकडा बघून मोकळे होतो. अमेरिकेतल्या छोट्या ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजांच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. आकड्यांत ही कॉलेजं एकमेकांच्या शेजारी बसतात, पण त्यांच्या आतलं वातावरण अगदी निराळं असतं.

‘आर्ट्स’ म्हणजे कला शाखा नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. इथे ‘आर्ट्स’ म्हणजे आपली अकरावी-बारावीची कला शाखा नाही. या कॉलेजांत गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स सगळं शिकवतात. चार वर्षांची पदवी असते आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो. बहुतेक कॉलेजांत विद्यार्थी दीड-दोन हजारच असतात, वर्ग लहान असतात आणि प्राध्यापक स्वतः शिकवतात. मागच्या बाकावर लपायची सोय नाही.

आपल्याकडे ही नावं कुणाला माहीत नसतात. हार्वर्ड म्हटलं की नातेवाईक लगेच मान डोलावतात, स्वार्थमोर म्हटलं की ‘हे कुठलं?’ विचारतात. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करताना हीच नावं वजन राखून असतात. विद्यार्थिसंख्येच्या मानाने पीएचडीपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण बघितलं, तर स्वार्थमोर आणि रीड ही कॉलेजं देशात फार वर येतात.

चार कॉलेजं, चार वळणं

मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स १७९३ सालचं. रँकिंगमध्ये अनेक वर्षं पहिलं. डोंगरातलं छोटं गाव, खेळाडूंचा मोठा भरणा आणि ‘ट्युटोरियल’ नावाची खास पद्धत. त्यात एक प्राध्यापक आणि दोनच विद्यार्थी असतात. एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. ज्याला बोलायला आवडतं तो इथे फुलतो. बुजऱ्या मुलाचे सुरुवातीचे महिने कठीण जातात.

त्याच राज्यातलं ॲमहर्स्ट १८२१ सालचं. इथे सक्तीचे विषय जवळपास नाहीतच, मुख्य विषय सोडला तर बाकी निवड विद्यार्थ्याची. शेजारच्या स्मिथ, माउंट होलियोक आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातही वर्ग घेता येतात, त्यामुळे कॉलेज लहान असलं तरी जग लहान राहत नाही.

फिलाडेल्फियाजवळचं स्वार्थमोर १८६४ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलं. अभ्यासाचा ताण मोठा, आणि तिथली मुलं तो ताण जरा मिरवतातही. तरी पहिल्या सत्रात ग्रेड देत नाहीत, मुलाला रुळायला वेळ मिळतो. ऑनर्सच्या विद्यार्थ्यांची परीक्षा मात्र बाहेरचे परीक्षक घेतात.

पोर्टलंडमधल्या रीडने १९९५ पासून रँकिंगवाल्यांना माहिती देणंच बंद केलं. तिथे ग्रेडची नोंद ठेवतात, पण विद्यार्थ्याने विचारल्याशिवाय सहसा सांगत नाहीत. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. स्टीव्ह जॉब्ज इथेच आले आणि सहा महिन्यांत नाव काढून घेतलं. म्हणजे चांगलं कॉलेजही प्रत्येकाला मानवतंच असं नाही.

रँकिंगमध्ये रीड या तिघांच्या बरंच खाली दिसतं. त्यावरून तिथलं शिक्षण हलकं ठरवणं म्हणजे लग्नपत्रिकेच्या कागदावरून घराणं ओळखण्यासारखं आहे.

मुलींसाठी एक वाट

मुलीला इतक्या लांब पाठवायला आजही अनेक घरं कचरतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. वेलस्ली, स्मिथ, ब्रिन मॉर, माउंट होलियोक ही स्त्रियांची कॉलेजं आजही टिकून आहेत आणि दर्जात कुणाच्या मागे नाहीत. हिलरी क्लिंटन आणि मॅडलिन ऑलब्राइट या दोघी वेलस्लीच्याच. माउंट होलियोकमध्ये हलाल आणि कोशर जेवणाची सोय बरीच वर्षं आहे. पण मुलींचं कॉलेज म्हणजे बंदिस्त कॉलेज, असंही धरू नका. या कॉलेजांचं वळण मोकळं आणि ठाम मतांचं आहे. मुलीने तिथे जाऊन गप्प बसावं अशी अपेक्षा असेल, तर ती पुरी होणार नाही.

पैशाचं गणित

अशा नामांकित कॉलेजात राहणं-खाणं धरून वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. म्हणजे ७५ लाख रुपयांच्या पुढे. हा आकडा बघून बहुतेक घरं तिथेच थांबतात. पण ॲमहर्स्ट आणि बोडन ही कॉलेजं परदेशी अर्जदाराची निवड करतानाही ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली तर गरजेइतकी मदत देतात. विल्यम्सने २०२२ पासून मदतीतून कर्जाचा भाग काढून टाकला. व्याजाच्या कर्जाला कचरणाऱ्या आपल्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर ट्यूशन फी घेतच नाही. तिथे प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान १० तास कॉलेजातच काम करतो. बाकी अनेक ठिकाणी मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की निवडीची शक्यता कमी होते.

दुसरी बाजूही बघा. २०२५ च्या अमेरिकी करकायद्याने मोठ्या विद्यापीठांच्या ठेवींवरचा कर वाढवला, पण तीन हजारांपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या कॉलेजांना त्यातून वगळलं. श्रीमंत छोटी कॉलेजं त्यामुळे निश्चिंत आहेत. गरीब कॉलेजांची स्थिती वेगळी आहे. न्यूयॉर्क राज्यातलं १८६८ सालचं वेल्स कॉलेज एप्रिल २०२४ मध्ये ‘हे सत्र शेवटचं’ असं जाहीर करून बंद झालं. मुलांना दुसरं कॉलेज शोधायला मोजके आठवडे मिळाले. तेव्हा कॉलेजची शिल्लक विचारण्यात लाज वाटून घेऊ नका.

कसोटीच्या वेळी

कॉलेजचं खरं वळण कळतं ते गोष्टी बिघडल्यावर. २०२४ मध्ये गाझाच्या प्रश्नावर कॅम्पस पेटले. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजने अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिलेल्या मुलांवर पोलीस बोलावले आणि २० विद्यार्थ्यांना अटक झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरग्रीन या सरकारी कॉलेजने आंदोलकांशी बसून लेखी करार केला. २००३ मध्ये रफाहमध्ये बुलडोझरखाली मारली गेलेली रेचल कोरी याच कॉलेजची विद्यार्थिनी होती. दुसरीकडे, ज्यू विद्यार्थ्यांना पुरेसं संरक्षण दिलं नाही या आरोपावरून मे २०२५ मध्ये हॅवरफर्डच्या अध्यक्षांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. ‘लिबरल’ हा शब्द सगळ्यांच्या पाटीवर आहे, वागणं एकाचं दुसऱ्यासारखं नाही.

परदेशी विद्यार्थ्याला तर अमेरिकी विद्यार्थ्याहून जास्त जपावं लागतं. मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या. नंतर सुरू झाल्या त्या सोशल मीडिया खाती खुली ठेवण्याच्या अटीवर.

आपल्यातलंही एक कॉलेज

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये झैतुना कॉलेज आहे. हमझा युसुफ, झैद शाकिर आणि हातेम बाझियान यांनी ते उभं केलं. २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं ते अमेरिकेतलं पहिलं मुस्लिम लिबरल आर्ट्स कॉलेज. अरबी, फिकह यांच्याबरोबर तिथे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि गणितही शिकवतात. घरासारखं वातावरण हवं असलेल्यांना ते भावेल. पण कॉलेज अगदी छोटं आहे आणि अभ्यासक्रम ठरलेला आहे. इंजिनिअरिंग किंवा डॉक्टरकीच्या वाटेवरच्या मुलासाठी ते नाही.

मग विचारायचं काय?

अर्ज करण्यापूर्वी तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलांशी बोला, कॉलेजने निवडून दिलेल्या मुलांशीच नव्हे. जुम्याची नमाज कुठे होते? रमजानमध्ये सहरीला मेस उघडी असते का? मुस्लिम सल्लागार नेमलेला आहे का? सुट्टीत हॉस्टेल बंद झालं तर परदेशी मुलं कुठे राहतात? जवळचं शहर किती लांब? स्वार्थमोरहून लोकलने फिलाडेल्फियाला जाता येतं, तिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. विल्यम्सहून बॉस्टन गाठायला गाडीने तीनेक तास लागतात.

पुण्याचं फ्लेम किंवा सोनिपतचं अशोका या आपल्या देशातल्या विद्यापीठांसाठीही हेच प्रश्न लागू आहेत. फी, मदत, वातावरण, आणि वादाच्या वेळी संस्था कुणाच्या बाजूने उभी राहते.

आणि एक प्रश्न स्वतःच्या घरात विचारायचा. आपल्या मुलाचा स्वभाव कसा आहे? तो वाद घालतो की ऐकून घेतो, गर्दीत रमतो की एकटा? याचं उत्तर कुठल्याच रँकिंगमध्ये सापडणार नाही. ते अम्मी-अब्बांनाच माहीत असतं, आणि त्यांनाही नसेल तर मुलाशेजारी बसून ते आजच विचारावं.